होळकरांच्या मोटारी व त्यांचे कारागीर

खांदा वसाहतीतून पनवेल गावाकडे निघाले असता महामार्गावर एक चमत्कारिक वाहन कधी कधी दृष्टीस पडते. मालमोटारीचा नुसता सांगाडा धावत असतो. पुढे यंत्र, मागे दोन लांब पोलादी तुळया, खाली चाके, आणि या सर्वांवर एखाद्या फळीवर डोक्यास पंचा गुंडाळून बसलेला चालक. त्यास ना छत, ना दार, ना समोर काच. कारखान्यातून निघालेली ही उघडी ‘चासी’ कोठल्या तरी बॉडी बांधणाऱ्याच्या आवारात जाते, आणि तेथे सुतार, लोहार व रंगारी मिळून तिला रूप देतात. ते दृश्य पाहून पुष्कळांस हसू येते. आम्हांस मात्र त्यामुळे एका मोठ्या व आता जवळजवळ लोपलेल्या कलेचे स्मरण होते. कारण दुसऱ्या महायुद्धापूर्वी युरोप-अमेरिकेतील अत्यंत मूल्यवान मोटारीही अशाच नागव्या सांगाड्याच्या रूपाने कारखान्याबाहेर पडत असत.

आजच्या वाचकास ही गोष्ट सहसा खरी वाटणार नाही. परंतु रोल्स-रॉइससारख्या विख्यात कंपनीकडे सन १९४६ पूर्वी पूर्ण तयार मोटार म्हणून विकत मिळतच नसे. कंपनी यंत्र, चाके व सांगाडा देई. त्यावर बसावयाची जागा, दारे, छप्पर, चाकांवरील पंखे हे सर्व ग्राहकाने आपल्या पसंतीच्या गाडी बांधणाऱ्याकडून करवून घ्यावयाचे, अशी रीत होती. हे गाडी बांधणारे, म्हणजे इंग्रजीत ज्यांना कोचबिल्डर म्हणत ते, मूळचे घोड्यांच्या बग्ग्या बांधणारे. लंडनची बार्कर ही पेढी अठराव्या शतकाच्या आरंभीची, थ्रप आणि मॅबर्ली ही १७६० ची, हूपर ही १८०५ ची. घोडे गेले व पेट्रोल आले, तरी या पेढ्यांचे रंधे, हातोडे व नमुने तेच राहिले. अ‍ॅश वृक्षाच्या चिवट लाकडाची चौकट करावयाची, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून व चाकाच्या यंत्रातून पुन्हा पुन्हा फिरवून त्या चौकटीवर चढवावयाचा, आणि मग रंगाचे हातावर हात देऊन प्रत्येक हात घासून काढावयाचा, असे हे काम महिनेच्या महिने चाले. मोटारींच्या प्रकारांची लँडोलेट, फेटन, कूपे ही नावेसुद्धा घोडागाडीच्या तबेल्यातूनच आली.

पनवेलकरांस या धंद्याचे मर्म समजावून सांगण्याची वस्तुतः गरज पडू नये. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून जो नोंदविला आहे तो गाडीची चाके करण्याचा होय. कोकणात आणि घाटावर फिरणाऱ्या बहुतेक गाड्यांना चाके पनवेलची असत, असे तो ग्रंथ सांगतो. सन १८३० मध्ये बोरघाटातून चाकाच्या वाहनांस जाता येईल असा रस्ता खुला झाला, आणि घाटाच्या पायथ्याकडील या बंदराच्या गावी सुतारांस काम वाढले, यात नवल नाही. तुंबा, आरे आणि वर तापवून चढविलेली लोखंडी धाव, ही तीन अंगे एकमेकांस अशी जुळवावयाची की चाक थंड होताच सारे सांधे आपोआप आवळून बसावेत. हे कौशल्य लंडनच्या गाडी बांधणाऱ्याच्या कौशल्याहून जातीने निराळे नव्हते. निराळे होते ते ग्राहक.

पहिल्या महायुद्धानंतरच्या वीस वर्षांत या जुन्या धंद्यात जी नवी कल्पकता दिसून आली तिचे कारण मुख्यतः वेग हे होय. मोटार ताशी पंधरा-वीस मैल जाई तोवर तिच्यावर बग्गीचे उभे घर ठेवले तरी चाले. ती ताशी ऐंशी मैल जाऊ लागली तेव्हा ते घर कुरकुरू लागले, खिळखिळे झाले आणि वाऱ्यास अडवू लागले. यावर दोन दिशांनी उपाय निघाले. विमानांच्या कामात हात बसलेल्या वेमन याने लाकडास लाकूड लागूच द्यावयाचे नाही, सांध्यात धातूच्या पट्ट्या घालावयाच्या व वरून पत्र्याऐवजी कातड्यासारखे कापड ताणावयाचे, अशी युक्ती काढली. त्यामुळे बॉडी हलकी झाली व तिचा आवाज बंद पडला. दुसरीकडे, हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून मोटारीचा आकारच पाण्याच्या थेंबासारखा, पुढे गोल व मागे निमुळता, करण्याचा विचार पुढे आला. पॅरिसमध्ये फिगोनी व फालास्की यांनी सन १९३६ च्या सुमारास चाकेच्या चाके फुगीर पंख्यांत झाकून टाकली. बुगाटीच्या घरातील तरुण झां याने तर छपराच्या मधोमध उभा कणा ठेवून दोन अर्धे पत्रे रिव्हेटांनी जोडले आणि त्या जोडालाच अलंकार केले. आमच्या मते या शेवटच्या उदाहरणात त्या काळची सगळी कल्पकता एकवटलेली आहे. जो सांधा पूर्वीच्या कारागिराने लाजून लपविला असता तो येथे मिरविला आहे.

लंडनमध्ये या नव्या वळणाचे अग्रेसर म्हणून ज्यांचे नाव घ्यावे लागते ते गर्नी नटिंग. पहिले महायुद्ध संपल्यावर क्रॉयडन येथे त्यांनी पेढी काढली. १९२४ मध्ये आगीत कारखाना गेला म्हणून ते चेल्सी भागात आले. जुन्या पेढ्यांच्या मानाने हे अगदी कालचे. आणि कदाचित म्हणूनच त्यांच्यावर पूर्वजांचे ओझे नव्हते. त्यांचा मुख्य आरेखक मॅक्नील हा रेषेचा असा जाणकार होता की बेंटलीसारख्या दांडग्या सांगाड्यासही तो सुडौल करून दाखवी. माल्कम कॅम्बेल याच्या वेगाचा विक्रम करणाऱ्या १९३१ च्या ‘ब्लू बर्ड’ गाडीचे कवच याच पेढीने केले. याच पेढीच्या दारी इंदूरचे यशवंतराव होळकर ग्राहक म्हणून आले.

होळकरांचे घराणे मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे. मल्हाररावांनी माळव्यात राज्य स्थापिले. अहिल्याबाईंनी ते नावारूपास आणले. ज्यांची गोष्ट आम्ही सांगत आहो ते दुसरे यशवंतराव १९०८ साली जन्मले व १९२६ मध्ये, अठराव्या वर्षी, गादीवर आले. ते गादीवर आले त्यासही एक मोटारच निमित्त झाली, हा दैवाचा खेळ म्हणावा. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईस मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याच्या मोटारीवर हल्ला होऊन त्याचा खून झाला. त्या मोटारीत इंदूर दरबार सोडून आलेली मुमताज ही नर्तिका होती. प्रकरणाचे धागे इंदूरपर्यंत पोहोचले, आणि चौकशीस सामोरे जाण्यापेक्षा तुकोजीराव महाराजांनी राज्यत्याग पत्करला. त्यांचे हे चिरंजीव ऑक्सफर्डला शिकत होते. तेथेच त्यांची एकार्ट मुथेझियस या तरुण जर्मन स्थापत्यकाराशी मैत्री जमली, आणि सन १९३० ते १९३३ या काळात इंदुरास माणिकबाग हा राजवाडा उभा राहिला. त्यात कमानी नाहीत, घुमट नाहीत, झुंबरे नाहीत; पोलाद, काच, सपाट भिंती आणि पॅरिसच्या नव्या कारागिरांचे सामान. बुताँ द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने महाराजांची दोन चित्रे काढली. १९२९ च्या चित्रात ते युरोपीय रात्रपोशाखात उभे आहेत, १९३४ च्या चित्रात मराठी पेहरावात गादीवर बसलेले आहेत. दोन्हींत चेहरा एकच, अतिशय सडपातळ व काहीसा उदास.

याच काळात त्यांच्या मोटारी बांधल्या गेल्या. हिस्पानो-सुइझाच्या बारा नळकांड्यांच्या व साडेनऊ लिटरच्या घरातल्या यंत्रावर गर्नी नटिंगने त्यांना एक गाडी बांधून दिली. तिला शिकारीसाठी जादा शोधदिवे होते. पण सर्वांत विख्यात झाली ती १९३६ ची ड्यूसेनबर्ग. ड्यूसेनबर्ग ही अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील कंपनी. तिच्या ‘जे’ नमुन्याच्या सुमारे ४८० गाड्याच काय त्या निघाल्या, आणि त्यांतही ज्यांच्या यंत्रात हवा दाबून भरण्याची योजना होती अशा मुळात चाळिसांहूनही कमी. या योजनेमुळे पावणेसात लिटरहून मोठे, एका ओळीत आठ नळकांडी असलेले ते यंत्र ३२० अश्वशक्ती देते, असा कंपनीचा दावा होता. तेव्हाच्या सामान्य मोटारीस याचा दहावा हिस्सा मिळाला तरी ती समाधानी असे. हा सांगाडा अमेरिकेहून लंडनला आला, चेल्सीत त्यास बॉडी चढली, आणि तेथून तो माळव्याच्या राजाचा झाला. रंग नारिंगी व काळा. पुढील यंत्राचे झाकण इतके लांब की गाडीचा अर्धाअधिक भाग तेच व्यापते. बाजूने निघालेल्या चकचकीत धूरनळ्या. पंख्यांची रेषा पुढील चाकावरून उठते व लाटेसारखी खाली उतरत जाते. आणि शेपूट होडीच्या टोकासारखे निमुळते. समोर जादा रंगीत दिवे बसविले होते, त्यांवरून आत कोण आहे हे रस्त्यावरच्या शिपायास कळावे. एवढ्या प्रचंड सांगाड्यावर बसावयास जागा किती? दोन माणसांपुरती.

या दोन जागांपाशी आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. आजवर या मोटारींविषयी जे लिहिले गेले त्यात त्यांच्या रंगाची, अश्वशक्तीची व किमतीची चर्चा पुष्कळ आहे. या रिकाम्या न ठेवलेल्या जागांकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. राजवाहनाची आपली कल्पना काय? अंबारी, मेणा, पालखी, चार घोड्यांची बग्गी. या सर्वांत राजा बसतो व दुसरे कोणी तरी वाहून नेते. युरोपातील मोटारींनीही प्रथम हीच रीत उचलली. ‘सेडांका’ नावाच्या बॉडीत मालक मागे काचेच्या बंद खोलीत बसे आणि चालक पुढे उघड्यावर पावसात भिजे. हिंदुस्थानच्या संस्थानिकांनी तर त्यात भर घातली : राण्यांसाठी पडद्याच्या काचा, मागे चोपदारांस उभे राहण्यास पायऱ्या. होळकरांच्या ड्यूसेनबर्गीत यांपैकी काहीच नाही. चालकास जागा नाही, हुजऱ्यास नाही, दिवाणास नाही. राजा स्वतः चक्र धरणार आणि फार तर शेजारी संयोगिताराणीसाहेब पडद्यावाचून बसणार. ज्या घराण्यात दोन पिढ्यांपूर्वी हे अकल्पनीय होते तेथे एका गाडीच्या आराखड्याने ते गृहीत धरले. नावीन्य म्हणावयाचे ते या ठिकाणी आहे. निमुळते शेपूट हे त्याचे बाह्य लक्षण.

पण याची दुसरी बाजूही आहे. अंबारीतला राजा प्रजेस दिसत असे. किंबहुना दिसणे हेच अंबारीचे प्रयोजन. स्पीडस्टरमधला राजा धुळीच्या लोटात क्षणार्धात दिसेनासा होई. माळव्याच्या त्या वेळच्या रस्त्यांवर तीनशे वीस अश्वशक्तीला पळावयास जागा तरी कोठे होती? आणि राज्यकारभाराचे पाहावे तर प्रत्येक महत्त्वाच्या बाबतीत रेसिडेंटाचा डोळा. स्वतःच्या इच्छेने फिरविता येईल असे चक्र त्या तरुण राजाच्या हाती बहुधा मोटारीचेच होते. आम्ही हे उपहासाने म्हणत नाही. ज्या पिढीला सत्तेची खूण मिळाली पण सत्ता मिळाली नाही, तिने वेगात, संग्रहात व परदेशवासात आपले मन रमविले, हे समजण्यासारखे आहे. मात्र समजण्यासारखे असणे आणि योग्य असणे या दोन गोष्टी होत. ती मोटार बांधली गेली तेव्हा जगभर मंदी होती, कापसाचा भाव पडला होता, आणि तिचा पैसा अखेर माळव्याच्या काळ्या जमिनीतूनच निघाला होता.

रसिकतेच्या बाजूने मात्र यशवंतरावांस कमी लेखता येणार नाही. त्यांनी रुमानियन शिल्पकार ब्रांकुशी याची ‘अवकाशातील पक्षी’ ही शिल्पे घेतली : एक पांढऱ्या संगमरवराचे, एक काळ्या संगमरवराचे, एक काशाचे. त्यांत पंख नाहीत, चोच नाही, पाय नाहीत. उड्डाणाची एक रेषा तेवढी शिल्लक ठेवली आहे. ही शिल्पे ठेवण्यासाठी ध्यानमंदिर बांधण्याची कल्पना निघाली, आणि तदर्थ ब्रांकुशी स्वतः १९३७-३८ च्या हिवाळ्यात इंदुरास आला. परंतु १९३७ मध्येच संयोगिताराणी वारल्या होत्या; महाराजांचे चित्त थाऱ्यावर नव्हते; मंदिर झाले नाही आणि शिल्पकार परत गेला. त्या पक्ष्याशेजारी ड्यूसेनबर्गचे चित्र ठेवून पाहावे. एकाच माणसाने, एकाच दोन-चार वर्षांत, दोन निरनिराळ्या कारागिरांकडून घेतलेल्या या वस्तू. दोहोंतही अनावश्यक ते गाळून गतीची रेषा तेवढी राखण्याचा ध्यास आहे. अशी जाण त्या वेळी लंडन-पॅरिसच्या धनिकांतही विरळाच होती.

आमचा आक्षेप आहे तो निराळाच. होळकरांच्याच घराण्यात दीडशे वर्षांपूर्वी आश्रयदात्याचे एक दुसरे उदाहरण घडून गेले होते. अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरी राहून राज्य केले, तेव्हा त्यांनी बाहेरून विणकर आणवून नर्मदेच्या काठी वसविले. भेट म्हणून द्यावयाची लुगडी त्यांना विकतही आणविता आली असती. त्यांनी लुगडे आणविण्याऐवजी माग आणविला. यशवंतरावांनी गाडी आणविली. गाडी बांधणारा आणविला नाही. चेल्सीतील ज्या तरुण आरेखकांनी अशा श्रीमंत गिऱ्हाइकांच्या कामावर हात बसविला, त्यांतील जॉन ब्लॅचली पुढे रोल्स-रॉइसचा मुख्य आरेखक झाला. म्हणजे आश्रय फुकट गेला नाही. तो फळला, पण थेम्सच्या काठी.

यावर कोणी म्हणेल की असले काम आमच्याकडे कोणास साधले असते? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेणार नाही. अमेरिकेचे यंत्र येथे होणे शक्य नव्हते, हे उघड आहे. परंतु प्रश्न यंत्राचा नसून बॉडीचा आहे. आणि बॉडी म्हणजे सुतार, पत्रा ठोकणारा व रंगारी. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने १९०३ सालीच वाफेवर चालणारी मोटार येथे बांधून रस्त्यावर आणली होती. आणि आपल्या मराठी मुलखातले उदाहरण हवे असेल तर कोल्हापूरचे घ्यावे. तेथील बाबूराव मिस्त्री, ज्यांना पुढे महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखू लागला, हे सुताराच्या घरी जन्मलेले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१८ च्या सुमारास चित्रपट घेण्याचा कॅमेरा स्वतः तयार केला व त्यावर १९२० चा ‘सैरंध्री’ निघाला. ज्या हातांनी कॅमेऱ्याचा तंतोतंत बसणारा दातेरी भाग कानशीने घासून काढला, त्या हातांना दाराची चौकट व पंख्याची रेषा जड गेली असती असे आम्हांस वाटत नाही. उणीव कारागिराची नव्हती. आराखडा घेऊन त्याच्या शेजारी बसणाऱ्या धन्याची होती.

कोल्हापूरचे नाव निघाले आहे म्हणून सांगतो. राजर्षी शाहू महाराजांचे आवडते वाहन ‘खडखडा’ या नावाने अजून तेथे बोलण्यात येते; नावाप्रमाणेच ती दणाणत जाणारी, बिनडौली घोडागाडी, आणि महाराज ती स्वतः हाकीत. त्यांच्या मागून राजाराम महाराजांच्या काळात तेथे जर्मनीची मायबाख आली. ज्या कारखान्याने झेपेलिन आकाशनौकांस यंत्रे पुरविली त्याचीच ही मोटार, आणि तीही सांगाड्याच्या रूपाने विकली जाऊन वर बॉडी दुसऱ्यांनी बांधावयाची. ती गाडी मात्र परदेशी गेली नाही. दसऱ्याच्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास शमीपूजनासाठी ती छत्रपतींस घेऊन दसरा चौकात येते, आणि पूजन होताच लोक सोने लुटावयास धावतात तेव्हा तिच्याकडे कोणाचे लक्ष राहत नाही. एका अर्थी ती खऱ्याखुऱ्या राजवाहनाच्या परंपरेत जाऊन बसली. अंबारीसारखी ती वर्षातून एकदा दिसते.

होळकरांच्या गाडीचे तसे झाले नाही. ड्यूसेनबर्ग कंपनी १९३७ मध्ये बुडाली, हिस्पानोने १९३८ मध्ये मोटारी करणे सोडले, आणि महायुद्धानंतर गर्नी नटिंगची पेढी दुसऱ्यांच्या हाती गेली. युद्ध हे निमित्त. खरे कारण तंत्रात होते. पोलादाचा पत्रा अजस्र दाबयंत्रात घालून एका ठोक्यात दार उठविण्याची रीत अमेरिकेत आधीच रुळली होती, आणि तशा गाड्या जोडण्याचा जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीस १९२८ मध्येच निघाला होता. पुढे तर वेगळा सांगाडाच राहिला नाही. बॉडी हीच सांगाडा झाली. लाकडी चौकट ठेवावयास खाली तुळयाच उरल्या नाहीत, तेव्हा चौकट करणाऱ्या सुतारास काम कोठून राहणार? इकडे १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. महाराज १९६१ मध्ये मुंबईस वारले. ड्यूसेनबर्ग, जिचे यंत्र अमेरिकेत जन्मले होते, ती अमेरिकेत परतली. माणिकबागेतील सामान १९८० मध्ये मोनाकोत लिलावात गेले, आणि वाड्यात केंद्र सरकारच्या अबकारी खात्याची कचेरी आली. महेश्वरचे माग तेवढे जागेवर होते. तेही मंदावले होते, तेव्हा यशवंतरावांचेच चिरंजीव रिचर्ड होळकर व त्यांच्या पत्नी सॅली यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘रेहवा’ ही संस्था काढून त्यांना पुन्हा चालना दिली.

आणि बॉडी बांधण्याची कला? ती मराठी मुलखात आली, परंतु राजाच्या दारातून नव्हे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला एस.टी.ची पहिली गाडी सुटली. तिची बॉडी लाकडी व छप्पर कॅनव्हासचे होते. पुढे दापोडी, औरंगाबाद व नागपूर येथे महामंडळाने स्वतःचे कारखाने काढले, आणि कित्येक दशके उघड्या चासी तेथे आत जात व तांबड्या गाड्या होऊन बाहेर पडत. मॅक्नीलच्या रेषेशी त्यांची तुलना करणे वेडेपणाचे होईल. लोकांनी त्यांस लाल डबा म्हटले ते उगाच नव्हे. पण चौकट उभारणे, पत्रा चढविणे, रंगाचे हात देणे हा क्रम तोच. आणि त्यांत दोन माणसांऐवजी पन्नास माणसे बसली. परवाच कळंबोलीच्या बाजूने अशी एक चासी येताना दिसली. पाऊस लागला होता. चालकाने पंच्यावर प्लास्टिकचा कागद बांधला होता आणि तो एका हाताने चक्र धरून दुसऱ्या हाताने तोंडावरचे पाणी पुसत चालला होता.